बिलाचा राग कुणावर काढायचा?

नवरा आयसीयूत असताना बायकोने पैशांचा विषय काढायचा नसतो, अशी आपल्याकडे एक रीत आहे. भेटायला येणारं प्रत्येक माणूस ती जपतं. 'आधी माणूस वाचू द्या, पैशाचं मागून बघू,' असं म्हणत केळी आणि नारळपाणी ठेवून लोक निघून जातात. त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण 'मागून' बघायचं म्हटलं की तोवर सोनं मोडलेलं असतं, सोयाबीन मिळेल त्या भावाने घातलेलं असतं आणि कागद मागायची वेळ निघून गेलेली असते.

आम्ही अणदूरचे. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं हे गाव. साधं दुखणं गावातच बघतात, पण छातीत कळ आली की इथला माणूस सोलापूर गाठतो. २०२४च्या दिवाळीआधी, सोयाबीनची रास चालू असताना, आमच्या मालकांना शेतातच दरदरून घाम फुटला आणि डावा हात जड झाला. पाहुण्यांच्या ओळखीने सोलापुरातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथे लगेच अँजिओप्लास्टी करून स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवली. नंतर फुप्फुसात पाणी झालं, त्यावर न्यूमोनिया झाला आणि आयसीयूतला मुक्काम लांबत गेला. त्या दिवसांत जे कळलं ते लिहून ठेवते आहे. आमच्या गावातून कुणी ना कुणी याच कामासाठी या रस्त्याने जातच असतं.

१. पैशांचं विचारताना मान खाली घालू नका

सकाळी डॉक्टर राउंडला आले की मी विचारायची, "साहेब, आज काय काय होणार आहे, आणि त्याला साधारण किती लागतील?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा आमचे भाऊजी कानकोंडे झाले. बाहेर आल्यावर म्हणाले, "वैनी, लोक काय म्हणतील? भावापेक्षा पैसा मोठा हाय का?" त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण डॉक्टरांना त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. त्यांनी फाइल उघडून दोन तपासण्या दाखवल्या. एक आजच हवी, दुसरी उद्या ताप बघून ठरवू म्हणाले. ती दुसरी पुढे करावीच लागली नाही.

तापाचा आकडा विचारतो तसाच बिलाचा विचारायचा. औषध वेळेवर आणणं, तोंड पुसणं, पाय चेपणं याला आपण शुश्रूषा म्हणतो. घरात परत येणाऱ्या माणसासाठी घर शाबूत ठेवणं हीसुद्धा शुश्रूषाच आहे. आणि हे गणित आपण एकटेच मांडत बसलेलो नसतो. केंद्र सरकारच्या २०२१-२२च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला ३९.४ टक्के वाटा लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून भरला आहे. २०१३-१४ला हाच वाटा ६४.२ टक्के होता, म्हणजे तो घटला. तरी आयसीयूबाहेरच्या बाकड्यांवर बसलेल्यांना विचारा, दर दुसरा माणूस मोबाइलवर हेच गणित करत असतो.

२. राग आला की तो नेमका कुणाचा आहे ते बघा

दवाखान्यातला राग सगळ्यात जवळ उभ्या असलेल्या माणसावर निघतो आणि सगळ्यात जवळ उभी असते सिस्टर. तिच्या हातात चिठ्ठी असते, 'हे मेडिकलमधून घेऊन या.' रात्री अडीच वाजता तिसरी चिठ्ठी आली की डोकं फिरतं. शेजारच्या पेशंटच्या मुलाने एका रात्री सिस्टरला नको ते बोलून घेतलं. ती विशीतली पोरगी. चिठ्ठी लिहिणारी ती नाही, भाव ठरवणारी ती नाही, बिलातला एक रुपया तिच्या हाती पडत नाही. ती भिंतीकडे तोंड करून इंजेक्शन भरत राहिली. त्या मुलाच्या बिलातून काही कमी झालं नाही आणि त्याच्या वडिलांजवळ जायला मात्र त्या रात्री स्टाफ बिचकू लागला.

दुसरा राग असतो खुद्द पेशंटवरचा. हे कुणी मोकळेपणी बोलत नाही, म्हणून मी बोलते. काचेतून ह्यांच्याकडे बघताना पोटात तुटायचं, आणि त्याच वेळी मनात यायचं, महिनाभर छातीत जळजळतंय म्हणत होते, मी दाखवा म्हटलं की 'गॅस झालाय' म्हणून तंबाखू मळत बसायचे. आता हे सगळं कुणी भरायचं? हा राग खोटा नसतो आणि तो मनात आला म्हणून बाई वाईट ठरत नाही. ज्या माणसावर जीव असतो त्यानेच स्वतःची हेळसांड केली तर दुसऱ्या कुणाचा राग येणार? फक्त नाकात नळ्या असलेल्या माणसासमोर तो काढायचा नसतो.

माझ्याजवळ मुलाची शाळेची दोनशेपानी वही होती. तिच्या पुढच्या बाजूने मी पैसे लिहायची आणि मागच्या बाजूने बोलायचं राहिलेलं सगळं. 'मेडिकलवाल्याने बिल दिलं नाही.' 'भाऊजींनी गाडीभाडं सगळ्यांसमोर काढलं.' 'तंबाखू.' रोज सकाळी मागचं पान वाचायची. काही ओळी रात्रीतून विरून जायच्या, त्या खोडायच्या. ज्या उरायच्या त्यांच्यापुढे लिहायचं, कुणाला विचारायचं: डॉक्टरांना, काउंटरला की घरी गेल्यावर मालकांना. उरलेल्यांपैकी बऱ्याच ओळींचे पुढे अर्ज झाले.

३. पहिला प्रश्न: हा दवाखाना योजनेत आहे का?

हा मुद्दा सगळ्यांत मोठा आहे, म्हणून त्यावर जरा थांबते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणजे पूर्वीची राजीव गांधी जीवनदायी. २ जुलै २०१२ला ती राज्यातल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपला शेजारचा सोलापूर होता. तेव्हा पिवळं, केशरी कार्ड लागायचं. नंतर आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही घेतलं, त्यात आपला धाराशिव होता. २०२४च्या जुलैपासून कार्डाचा रंग कोणताही असो, कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. हृदयाची स्प्रिंग बसवणं त्यात आहे. दवाखान्यातलं जेवण आणि सुटी झाल्यावर दहा दिवसांची औषधंही आहेत.

पण ही योजना सरसकट सगळ्या आजारांना नाही. ठरलेल्या उपचारांनाच आहे, आणि योजनेत नाव असलेल्या दवाखान्यातच आहे. शिवाय ती कॅशलेस आहे. आधी पैसे भरा आणि मग सरकारकडून परत मिळवा, असं त्यात होत नाही. योजनेबाहेरच्या दवाखान्यात गेलेला दिवस आपल्याच खिशातून जातो. म्हणून दारात पाय ठेवल्यावर लगेच हा प्रश्न विचारायचा.

आमचा पहिला दवाखाना योजनेत नव्हता. कळ आलेल्या माणसाला घेऊन दवाखाने हिंडता येत नाहीत, त्यामुळे स्प्रिंगचा खर्च आम्ही भरला. पण न्यूमोनियाचा मुक्काम लांबणार असं दिसल्यावर मी डॉक्टरांनाच विचारलं, "ह्यांना योजनेतल्या दवाखान्यात हलवता येईल का? हलवायला धोका कधी कमी होईल?" ते रागावले नाहीत. ऑक्सिजनची गरज उतरेपर्यंत थांबा म्हणाले आणि नंतर स्वतःच चिठ्ठी लिहून दिली.

दुसरीकडे गेल्यावर आरोग्यमित्राचा काउंटर शोधायचा. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात तो असतो, बहुतेक वेळा कोपऱ्यात, जिन्याखाली वगैरे. हा माणूस तुमचे कागद चढवतो आणि मंजुरी मागवतो. कागद दोनच, रेशन कार्ड आणि आधार, पण घोटाळा तिथेच होतो. आमच्या रेशन कार्डावर मालकांच्या नावापुढे वडिलांचं नाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेलं होतं. पुतण्याने गावाकडून धावपळ करून ते जुळवून आणलं. तुमच्या घरातलं कार्ड ऑनलाइन आहे का, त्यात सगळ्यांची नावं आहेत का, ती आधारशी जुळतात का, हे आज, सगळे धडधाकट असताना बघून ठेवा. तातडीचा पेशंट असेल तर कागद पुरे व्हायच्या आधी फोनवरून मंजुरी घेण्याची सोय योजनेत आहे. आणि योजनेत घेतलेल्या उपचारासाठी कुणी वर पैसे मागितले तर १५५३८८ या नंबरवर तक्रार करायची. तो नंबर काउंटरजवळच्या बोर्डावरच असतो.

४. नुसतं बिल घेऊ नका, तपशील मागा

पहिल्या दवाखान्याने जो कागद दिला त्यावर पाच-सहा ओळी होत्या. बेड, डॉक्टर, औषधं, तपासण्या, इतर. या 'इतर'पुढचा आकडा आमच्या एका एकराच्या सोयाबीनपेक्षा मोठा होता. मी तारीखवार बिल मागितलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, सुटीच्या दिवशी देऊ. मी म्हटलं, आजपर्यंतचं आज द्या, बसते इथेच. संध्याकाळी मिळालं.

घरातल्या शिकलेल्या पोरीला शेजारी बसवून आम्ही ते वाचलं. हातमोजे, सिरिंज, कॅन्युला, सलाइनच्या नळ्या, पेशंटच्या अंगाखालची शीट. एका तारखेला छातीचा एक्स-रे दोनदा लावलेला होता आणि फाइलमध्ये फिल्म एकच होती. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि एवढंच म्हटलं, "हे जरा बघा." आवाज चढवला नाही. त्यांनी कमी केलं. आम्ही न फोडलेली, न वापरलेली औषधं बिलाच्या पावतीसकट परत केली, त्याचेही पैसे वळते झाले. उरलेलं औषध परत घेतात हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं, आणि पिशवीच्या तळाशी हजारोंचं सामान घरी येतं.

पैसा नेमका कुठे जातो, याची सरकारी तपासणी एकदा झाली आहे. राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने २०१८मध्ये दिल्ली परिसरातल्या चार मोठ्या खासगी रुग्णालयांची बिलं तपासली. काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा घेतलेला आढळला. औषधं, साहित्य आणि तपासण्या मिळून बिलाचा ४६ टक्के भाग होता. म्हणजे आपण बेडच्या भाड्यावरून हुज्जत घालत बसतो, आणि पैसा जातो सिरिंज-नळ्यांच्या ओळींतून. उलट स्प्रिंगची गोष्ट बघा. त्याच प्राधिकरणाने २०१७च्या फेब्रुवारीत स्टेंटची कमाल किंमत बांधून दिली. औषधी स्टेंट २९,६०० रुपये, साधा ७,२६०. पुढे महागाईप्रमाणे आकडे वाढले, पण बांधील भाव आजही आहे. स्टेंटची किंमत बिलात वेगळ्या ओळीत असली पाहिजे, आणि त्याच्या डबीवरचं स्टिकर तुमच्या फाइलला लावलेलं असलं पाहिजे. सरकारने ठरवलं की भाव खाली येतो, हे ज्याच्या घरात स्प्रिंग बसली आहे त्याला कुणी वेगळं पटवायला नको. मग नळ्यांचं आणि हातमोज्यांचं का होत नाही, हा माझा राग मात्र अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

५. तोंडी बोलणं तोंडीच विरतं

आमच्या अणदुरात खंडोबाचा मुक्कामसुद्धा लेखी ठरतो. देव सव्वादहा महिने आमच्याकडे आणि पावणेदोन महिने मैलारपूरला, नळदुर्गाजवळ. दर वेळी दोन गावांचे मानकरी कागदावर करार करतात, मग पालखी हलते. देवाचं लेखी, तर बिलाचं तोंडी कसं चालेल? अर्ज साध्या कागदावर करा, दोन प्रती काढा आणि एका प्रतीवर पोच घ्या. भाषा साधी ठेवा: पेशंटचं नाव, दाखल झाल्याची तारीख, आमची मागणी. घरची सगळी कर्मकहाणी त्यात घालू नका.

अर्जात हक्काचं काय काय मागता येतं? राज्याच्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांत २०२१ला रुग्णहक्कांची सनद आली. दवाखान्याने दर लावले पाहिजेत, औषध अमुकच दुकानातून घ्या अशी सक्ती करता येत नाही, बिलाच्या वादापायी पेशंटला किंवा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही. आणि दवाखाना धर्मादाय ट्रस्टचा असेल तर उच्च न्यायालयाने २००६मध्ये मंजूर केलेली योजना त्याला लागू होते. दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर पहिल्या गटात, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुसऱ्या. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. तातडीच्या पेशंटला अशा दवाखान्याने अनामत मागत बसायचं नसतं, आधी उपचार सुरू करायचे असतात. दवाखाना धर्मादाय आहे की नाही हे बाहेरून कळत नाही, म्हणून काउंटरवर सरळ विचारा.

६. शेकडा तीनच्या दारात जाऊ नका

आयसीयूत माणूस असल्याची बातमी सावकाराला आपल्याआधी कळते. 'काकू, किती पाहिजेत ते सांगा' म्हणणारा माणूस त्या घडीला देवासारखा वाटतो. शेकडा तीन म्हणजे लाखाला महिन्याला तीन हजार, वर्षाला छत्तीस हजार, आणि मुद्दल जिथल्या तिथे. शिवाय परवान्याशिवाय सावकारी करणं २०१४च्या कायद्याने गुन्हा आहे.

आम्ही आधी बचत गटाकडे गेलो. गटातल्या बायकांनी तातडीची बैठक घेऊन अंतर्गत कर्ज मंजूर केलं. सोनं विकलं नाही, बँकेत तारण ठेवलं. सोयाबीनचा त्या हंगामातला हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि आडतीवर चार-सव्वाचार हजार मिळत होते. सगळं एकदम घालू नका, लागतील तेवढीच पोती काढा, असं मी दिराला फोनवर सांगितलं. बाकीची घरात राहू दिली.

७. स्वस्त करायचं ते औषधाचं नाव, डोस नव्हे

हॅलो मेडिकल फाउंडेशनचं काम आमच्या गावात १९९३पासून आहे. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी खेड्यापाड्यांतल्या, फार न शिकलेल्या बायकांना शिकवून 'भारतवैद्य' केलं. आमच्या गल्लीतल्या अशाच एका मावशींनी सुटी झाल्यावर माझ्याकडून गोळ्यांची पिशवी मागून घेतली. सगळ्या स्ट्रिप ओट्यावर मांडल्या आणि म्हणाल्या, "वरचं मोठं नाव कंपनीचं. खालचं बारीक नाव वाच, ते औषधाचं." अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन. डॉक्टरांना विचारून तीच औषधं जनऔषधी केंद्रातून घेऊ लागलो आणि महिन्याचा खर्च निम्म्याहून खाली आला.

पण याच ठिकाणी एक धोका आहे आणि तो मी दोन घरांत बघितला आहे. पैसे संपले, माणूस चालता-फिरता झाला, की लोक गोळ्या एकाआड एक दिवस देतात किंवा बंदच करतात. स्प्रिंग बसवलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या डॉक्टर सांगतील तितके महिने, बऱ्याचदा वर्षभर, न चुकता लागतात. त्या मध्येच थांबल्या तर स्प्रिंगमध्ये गुठळी होऊ शकते. बाकी कशातही काटकसर करा, इथे नको.

८. दोन वेळा जेवा

चहा-बिस्किटांवर राहिलेली बाई काउंटरवर नीट बोलू शकत नाही. नातेवाइकांनी 'काही लागलं तर सांगा' म्हटलं की मी वार वाटून द्यायची: मंगळवारचा डबा तुम्ही, बुधवारी रात्री थांबायला तुम्ही. लोकांना काम दिलं की बरं वाटतं आणि सल्ले आपोआप कमी होतात.

९. पेशंटला आकडा कधी सांगायचा

नळ्या निघाल्यावर मालकांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "किती झाले?" भाऊजी घाईने म्हणाले, "तुम्ही नका इचार करू, सरकारी योजनेत बसलंय समदं." आयसीयूत होते तोवर मीही विषय टाळला, ते योग्यच होतं. पण घरी आलेल्या कर्त्या माणसाला अंधारात ठेवलं की तो मनात दुप्पट आकडा धरून कुढत बसतो, आणि आपण एकटेच ओझं ओढत राहतो.

घरी आल्यावर, डॉक्टरांनी थोडं चालायला सांगितल्यानंतर, एका दुपारी मी वही त्यांच्या हातात दिली. पुढची बाजू. त्यांनी चष्मा मागितला आणि सगळं वाचलं, एक्स-रेचे वळते झालेले पैसेसुद्धा. बराच वेळ गप्प बसले. मग मी वही उलटी केली आणि मागच्या बाजूची, खोडायची राहिलेली 'तंबाखू' ही ओळ दाखवली. त्यावर मला जे बोलायचं होतं ते मी बोलले. डोळ्यांत पाणी आलं तरी थांबले नाही, सगळं बोलले. त्यांनी ऐकून घेतलं.

त्यानंतर आम्ही फेडायचा क्रम लावला. पहिला बचत गट, कारण त्या पैशांवर दुसऱ्या बायकांचीही गरज अडलेली असते. मग बँकेतलं सोनं. भाऊजींच्या गाडीभाड्याचे शेवटी, ते थांबतील. तूर उभी होती, तिचा हमीभाव ७,५५० होता. "तुरीची रास झाली की गटाचं पुरं होतंय," मालक म्हणाले आणि पेन्सिल मागून घेऊन त्यांनीच वहीत महिन्यावार हप्ते मांडले.